पट्टीखालचे तास

“पट्टी अधू डोळ्यावर लावायची ना?” लेझी आयचं, म्हणजे मेंदू एका डोळ्याचा नीट वापर करत नसल्याने त्याची नजर कमी राहण्याचं, निदान झालं की बऱ्याच पालकांच्या तोंडी हा प्रश्न येतो. पट्टी लावायची असते ती चांगल्या डोळ्यावर, कारण बिघाड बहुतेक वेळा डोळ्यात नसून मेंदूत असतो. एका डोळ्याचा नंबर दुसऱ्यापेक्षा बराच जास्त असेल, डोळा तिरळा असेल किंवा जन्मतः मोतीबिंदू असेल, तर त्या डोळ्याकडून मेंदूला स्पष्ट किंवा जुळणारं चित्र मिळत नाही. मग मेंदू त्या चित्राकडे दुर्लक्ष करायला शिकतो. चांगला डोळा झाकला की मेंदूला तेच चित्र वापरावं लागतं. ह्युबेल आणि वीझल या मेंदूचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकात मांजरीच्या पिल्लांची एक पापणी काही आठवडे शिवून ठेवली होती. टाके काढल्यावर डोळा धडधाकट होता, पण मेंदूतल्या दृष्टीच्या पेशी त्याला जवळजवळ प्रतिसादच देत नव्हत्या. या दोघांना १९८१ साली नोबेल मिळालं.

शंभरातल्या दोन-तीन मुलांना हा त्रास असतो, आणि मूल तक्रार करत नाही, कारण दुसऱ्या डोळ्याने त्याचं सगळं भागतं. चित्र रंगवत बसलेल्या मुलाचा एक डोळा हाताने झाकला तर ते निवांत रंगवत राहतं. दुसरा झाकला की मान वळवतं, हात ढकलतं, चिडतं. असं दिसलं तर डोळे तपासून घ्यायलाच हवेत. मात्र असं काही दिसलं नाही, तरी शाळेत जाण्याआधी एक तपासणी व्हावी.

उपचाराची सुरुवात चष्म्याने होते. काही मुलांची नजर काही महिन्यांत नुसत्या चष्म्यानेच सुधारते. बाकीच्यांना पट्टी किंवा चांगल्या डोळ्यात अ‍ॅट्रोपिनचे थेंब. थेंबांमुळे त्या डोळ्याला जवळचं धूसर दिसतं आणि दुसऱ्याला कामाला लागावं लागतं. मध्यम स्वरूपाच्या दोषात रोज दोन तास पट्टी आणि सहा तास पट्टी यांचा परिणाम चार महिन्यांनंतर सारखाच दिसला, असं २००३ सालच्या अमेरिकी अभ्यासात आढळलं.

खरी अडचण हे तास भरण्यात आहे. पट्टीला छोटं इलेक्ट्रॉनिक यंत्र जोडून ब्रिटनमधल्या संशोधकांनी वेळ मोजला, तेव्हा सांगितलेल्या वेळेच्या निम्म्याच्या आसपासच पट्टी डोळ्यावर होती. त्यांच्याच हिशेबाने नजर तपासायच्या तक्त्यावरची एक ओळ पुढे जायला साधारण १२० तास लागतात. म्हणजे रोज दोन तास धरले तर दोन महिने! दोन आठवड्यांत फरक दिसला नाही म्हणून हताश होणाऱ्या पालकांना हा हिशेब पहिल्याच भेटीत कुणीतरी सांगायला हवा.

मूल पट्टी ओढतं त्यात हट्टीपणा नसतो. त्याची चांगली नजर काढून घेऊन आपण त्याला अंधुक जगात बसवलेलं असतं. रागावण्यापेक्षा वेळ ठरवून टाकलेली बरी: रोज तीच, मूल ताजंतवानं असतानाची. पट्टी चष्म्याच्या काचेवर न लावता चष्म्याखाली थेट त्वचेवर चिकटवावी, नाहीतर मूल काचेच्या वरून किंवा नाकाजवळच्या फटीतून बघतं. या वेळात मणी ओवायला द्या, चित्रं रंगवू द्या. पण जवळचंच काम हवं असा अट्टहास नको, दूरचं पाहण्यानेही तेवढाच फायदा झाल्याचं दिसलं आहे. नेदरलँड्समध्ये मुलांना पट्टीबद्दलची चित्रकथा दिली, तेव्हा पट्टीचे तास वाढले. पट्टी कशासाठी आहे हे आपण आईवडिलांना सांगतो आणि ज्याच्या डोळ्यावर ती बसणार त्यालाच सांगायचं राहून जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

सात वर्षांच्या आत गुण लवकर येतो, पण सात ते बारा वयातल्या अनेक मुलांनाही फायदा होतो. तेव्हा “आता उशीर झाला” असं परस्पर ठरवू नये.

नजर सुधारली की पट्टी एकदम सोडून देऊ नका. साधारण चौघांतल्या एका मुलाची नजर उपचार थांबल्यावर वर्षभरात पुन्हा घसरते. रोज सहा-आठ तास पट्टी असलेल्यांना ती अचानक थांबवल्यावर हा धोका जास्त असतो, म्हणून तास हळूहळू कमी करतात. झाकलेल्या डोळ्याची नजरही क्वचित उतरू शकते, त्यामुळे प्रत्येक भेटीत दोन्ही डोळे तपासले जातात. पट्टी सुटली तरी चष्मा चालूच राहतो.