रात्री ऑक्सिजन देणारं झाड आणि मायचं कॅलेंडर

मागच्या महिन्यात जळगावला एका नर्सरीत गेलो होतो, मोगऱ्याची दोन रोपं घ्यायची होती, तर दारातच मोठी पाटी, "24 तास ऑक्सिजन देणारी झाडं", आणि खाली ओळीने स्नेक प्लांट, कोरफड, पानफुटी, कोपऱ्यात तुळस. माझ्या पुढे एक काका होते, वडलांना दम्याचा त्रास आहे म्हणाले, त्यांच्या खोलीत ठेवायला चार स्नेक प्लांट घेतले आणि विकणारा पोरगा त्यांना सांगत होता की आता रात्री श्वासाचा त्रास होणार नाही बघा. मला राहवलं नाही. काकांना बाहेर गाठलं, डॉक्टरांचं औषध आणि पंप अजिबात बंद करू नका एवढं आधी सांगितलं, मग बाकीचं सांगायला लागलो, पण ते रस्त्यावर उभं राहून दहा मिनिटात होण्यासारखं काम नाही म्हणून इथे लिहितोय. झाडं जरूर घ्या, माझ्या गॅलरीत स्वतःच्या 37 कुंड्या आहेत. फक्त ती आपल्याला काय देतात आणि काय देत नाहीत हे कळलं पाहिजे.

आधी हिशोब करू. शांत बसलेला किंवा झोपलेला मोठा माणूस मिनिटाला साधारण 250 मिली ऑक्सिजन वापरतो, म्हणजे तासाला 15 लिटर, आठ तासांच्या झोपेत 120 लिटर. आता पान. चांगल्या उन्हात, पाणी-खत सगळं व्यवस्थित असताना एक चौरस मीटर पानातून तासाला ढोबळमानाने एक लिटरभर ऑक्सिजन निघतो. म्हणजे एका माणसाला पुरवायला 15 चौरस मीटर पानं लागतील, दहा बाय दहाच्या खोलीची अख्खी फरशी आणि वर अर्ध्याहून जास्त भिंत पानांनी झाकली तर तेवढी होतील, आणि तीही कडक उन्हात पाहिजेत, जे बेडरूममधे येत नाही. चार कुंड्यांची यात काय गत. आणि मुळात गरजच नाही हो, कारण त्याच खोलीत दहा फूट उंचीचं छत धरलं तर 28 हजार लिटर हवा मावते, त्यात साडेपाच हजार लिटरच्या वर ऑक्सिजन आधीच आहे, आणि दाराच्या फटीतून नवीन हवा येतच असते. त्यामुळे उलटी भीतीसुद्धा खोटी, की रात्री खोलीत झाड ठेवलं तर ते आपला ऑक्सिजन खाऊन टाकतं. कुंडीतलं रोप रात्रभरात जेवढा घेतं त्याच्या कितीतरी पट शेजारी झोपलेलं माणूस घेतं.

"नासाने सांगितलंय" हे पण त्या पाटीवर होतं. नासाचा तो अभ्यास खरा आहे, 1989 चा. पण तो छोट्या बंद पेट्यांमधे केलेला होता, आणि विषय ऑक्सिजन नव्हताच, बेंझिनसारखे वायू झाडं-माती शोषून घेतात का हे बघायचं होतं. 2019 मधे अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी असे सगळे जुने प्रयोग एकत्र करून हिशोब मांडला तर निघालं की साध्या खिडकीतून जेवढी हवा आपोआप साफ होते तेवढी झाडांकडून करायची असेल तर दर चौरस मीटर जमिनीला 10 ते 1000 झाडं लागतील. खिडकी उघडा, झालं.

पण मग "रात्री ऑक्सिजन" हे आलं कुठून? इथे मला जे सगळ्यात जास्त आवडतं ते येतं, त्यामुळे थोडं लांबेल.

पानावर बारीक बारीक तोंडं असतात, पर्णरंध्रं, बहुतेक झाडांत खालच्या बाजूला जास्त. झाडाला साखर बनवायला कार्बन डायऑक्साइड लागतो, तो या तोंडांतून आत येतो. अडचण अशी की तोंड उघडलं की आतलं पाणी बाहेर जातं. केळी, कापूस, गहू, हरभरा, आपली बहुतेक पिकं या पद्धतीची आहेत, दिवसा तोंड उघडं ठेवायचं आणि कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू पकडायला पाण्याचे साधारण 400 रेणू घालवायचे. म्हणून तर रावेर-यावलकडे केळीला मे महिन्यात एक दिवस पाणी चुकलं की पानं लगेच मान टाकतात. आता आपल्याकडे 44-45 डिग्रीत, दुपारी दोन वाजता, बांधावरचा निवडुंग आणि दारातली कोरफड कशी काय हिरवी राहते? तर ती दिवसा तोंड उघडतच नाही. सगळा व्यवहार रात्री.

आपल्याकडे नळाला रात्री पाणी येतं, तेव्हा उठून हंडे, टाकी, बादल्या सगळं भरून ठेवतो आणि दिवसभर नळ कोरडा असला तरी त्यावर घर चालतं, अगदी तसंच. रात्री गारवा असतो, तोंडं उघडतात, कार्बन डायऑक्साइड आत येतो. पण रात्री ऊन नाही म्हणजे साखर बनवता येत नाही, मग तो साठवायचा कशात? वायू तसाच कोंडून ठेवता येत नाही. तर पेप कार्बोक्झिलेज नावाचं एक विकर (एन्झाइम) आहे, ते त्याला तीन कार्बनच्या एका रेणूला जोडून चार कार्बनचा रेणू करतं, त्याचं पुढे मॅलिक आम्ल होतं, आणि ते आम्ल पेशीतली जी मोठी पिशवी असते, रिक्तिका, तिच्यात पहाटेपर्यंत भरत राहतं. सूर्य उगवला की तोंडं बंद. मग आम्ल पिशवीतून हळूहळू बाहेर येतं, मोडतं, त्यातला कार्बन डायऑक्साइड परत सुटतो, पण आता बाहेर जायला वाट नाही, पानाच्या आत त्याची दाटी होते आणि बंद दाराआड उन्हावर त्याची साखर बनते. रात्री भरणारं आणि दिवसा रिकामं करणारं असं दोन पाळ्यांचं काम एकाच पेशीत चालतं, आणि कुठली पाळी कधी ते झाडाचं आतलं घड्याळ बघतं, म्हणजे दिवसा ते पेप कार्बोक्झिलेज मंद केलं जातं नाहीतर सुटलेला वायू ते परत पकडून आम्लच करत बसलं असतं. या युक्तीने 400 च्या जागी साधारण 50 रेणू पाण्यात काम भागतं. याला म्हणतात क्रॅसुलेशियन ॲसिड मेटाबॉलिझम, थोडक्यात कॅम. क्रॅसुलेसी हे पानफुटीच्या कुळाचं नाव. अननस, ड्रॅगन फ्रूट, घायपात, स्नेक प्लांट सगळे यातले.

आता लक्षात आलं असेल घोटाळा कुठे झाला. ऑक्सिजन निघतो पाण्याचा रेणू उजेडात फुटतो तेव्हा. रात्री उजेड नाही, पाणी फुटत नाही, ऑक्सिजन नाही. कॅमवाली झाडं रात्री कार्बन डायऑक्साइड *घेतात* हे खरं, ते कुणीतरी अर्धवट वाचलं आणि त्याचं "ऑक्सिजन *देतात*" झालं असं माझं मत आहे. तुळस तर कॅमवाली पण नाही, साधी हरभऱ्यासारखी. ती ओझोन सोडते असा मेसेज दर श्रावणात येतो, तोही खोटा, आणि ओझोन फुप्फुसाला वाईट असतो, तो सोडत असती तर दारात ठेवूच नये म्हटलं असतं. माझी माय रोज संध्याकाळी तुळशीजवळ दिवा लावते, मीही शेजारी हात जोडून उभा असतो, त्या श्रद्धेला ओझोनचा टेकू कशाला पाहिजे?

हे आम्ल तुम्हाला चाखता येतं. हिवाळ्यात पहाटे हरभऱ्याच्या शेतातून गेलात तर पाय आंबट होतात, ती आंब गोळा करायला लोक रात्री रोपांवर फडकं पसरतात, पोटदुखीवर ठेवतात. त्या आंबेत मुख्यतः हेच मॅलिक आम्ल असतं. हरभरा ते पानांवरच्या केसांतून बाहेर सोडतो, त्याची गोष्ट वेगळी, पण चव ओळखीची व्हावी म्हणून सांगितलं. पानफुटीचं पान पहाटे तसंच आंबट लागतं आणि दुपारनंतर फिकं. हे पहिल्यांदा नीट लिहून ठेवलं ते आपल्याच देशात, बेंजामिन हाइन नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा वनस्पतिशास्त्रज्ञ मद्रास इलाख्यात होता, त्याने पानफुटीची पानं सकाळी, दुपारी, संध्याकाळी चावून बघितली आणि लंडनच्या लिनियन सोसायटीला पत्र लिहिलं, ते 1815 मधे छापून आलं. यंत्र नाही, रसायन नाही, फक्त जीभ. त्यामागचं सगळं रसायन उलगडायला पुढे विसावं शतक उजाडलं. (करून बघायचं तर नखाएवढा तुकडा चावून थुंकून टाका, गिळू नका, पानफुटीत हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात, जनावरांना त्याने विषबाधा होते. लहान मुलांना देऊच नका, त्यांच्यासाठी आंबटपणा दाखवणारा पीएचचा कागद आणा.)

आता आनंदाचं. ऑक्सिजन नाही, हवा साफ नाही, मग झाडांमधे राहून बरं वाटतं ते काय खोटं आहे? अजिबात नाही, आणि त्यावर चांगले प्रयोग झालेत. नेदरलँडमधे 2011 साली 30 बागवाल्यांना आधी मुद्दाम डोक्याला ताप देणारं काम दिलं, मग अर्ध्यांना अर्धा तास बागकाम आणि अर्ध्यांना आत बसून वाचन. लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, दोघांचं उतरलं पण बागकामवाल्यांचं जास्त, आणि मूडही त्यांचाच पूर्ण पहिल्यासारखा झाला. माणसं थोडी होती आणि सगळी आधीच बागेची हौस असलेली, हे धरून चाला.

पण मला जास्त पटतो तो 1976 चा प्रयोग, एलेन लँगर आणि जुडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांचा. अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या एका वृद्धाश्रमात एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं की इथलं तुमचं तुम्ही ठरवा, हे रोप हवं तर निवडा आणि त्याला तुम्हीच सांभाळा. दुसऱ्या मजल्यावर रोप तसंच दिलं, पण सांगितलं की पाणी नर्स घालतील, तुम्ही काळजी करू नका. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त खुश, जास्त हिंडती-फिरती दिसली. फरक एकट्या रोपाचा नव्हता, इतर निर्णयही त्यांच्या हातात दिले होते. पण दोन्ही मजल्यांवर हिरवी पानं होती आणि उपयोग झाला तो ज्यांना ती सांभाळायची होती त्यांना, हे मी विसरू शकत नाही, कारण माझ्या घरी हेच झालं.

नाना गेल्यावर माय पारोळ्याकडचं गाव सोडून माझ्याकडे जळगावला आली. आयुष्य शेतात गेलेलं, आता तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, पश्चिमेची गॅलरी. बोलणं जवळजवळ बंद, दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून. तिला बरं वाटेल म्हणून मी गॅलरी हिरवीगार केली, रोज सकाळी घाईत मीच पाणी घालायचो, आणि ती तिकडे ढुंकूनही बघायची नाही. मग मला ऑफिसच्या कामाने पंधरा दिवस पुण्याला जावं लागलं, बायकोची शिफ्ट, म्हणून मायला म्हटलं आता तू बघ. परत आलो तर निम्म्या कुंड्यांच्या जागा बदललेल्या, मोगरा उन्हात, मनी प्लांट आत, आणि मला दारातच ऐकायला लागलं की स्नेक प्लांटला रोज पाणी घालून मी त्याची मुळं कुजवली होती. पंधरा महिन्यांत माझ्याशी एवढं बोलली नव्हती. तिचं म्हणणं बरोबरच होतं, कॅमवाल्या झाडाला रोज पाणी लागत नाही हे मी पुस्तकात वाचलेलं, तिने बोटाने माती चाचपून ओळखलं. दुःख गेलं असं मी म्हणणार नाही. सकाळी उठायला एक काम झालं, आणि काल नसलेलं पान आज दिसलं की ते कुणालातरी सांगावंसं वाटायला लागलं. ज्यांना खरंच नैराश्याचा आजार आहे त्यांना कुंडी आणून देणं हा उपचार नव्हे, डॉक्टरकडे न्याच. मातीतले बॅक्टेरिया डिप्रेशन घालवतात असंही फिरतं, ते मुख्यतः उंदरांवरच्या प्रयोगांचं आहे, माणसांबद्दल एवढ्यात तसं बोलू नये.

पानफुटीचं चाखायचं मी तिला एकदा सांगितलं. पहाटे तुकडा चावला आणि ओरडलीच, "भाऊ, हाई तं आंबट लागस!" दुपारी चारला परत चावला, "आते काहीच चव नही." तेव्हापासून स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी ती रोज एक खूण करते, आंबट असेल तर "आं", जास्त असेल तर दोनदा. मे महिन्यात तिने खूण करणं मधेच सोडलं, झाड बिघडलं म्हणाली, पहाटेसुद्धा नीट आंबट लागत नाही. मला वाटलं तिची जीभ. मग डिसेंबरात गारठा पडला, पारा 10-12 वर आला, आणि रोज दोन-दोन "आं". तेव्हा कुठे मी शोधून वाचलं, तर कॅमला रात्र गार लागते, उकाड्याच्या रात्री तोंडं कमी उघडतात आणि आम्ल पिशवीत नीट टिकत नाही. आपल्याकडे मे मधे मध्यरात्रीही 30 च्या आसपास असतं. हे मी तिला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली मग मे मधे त्याला रात्री गॅलरीत नको, न्हाणीघराच्या खिडकीत ठेवू, तिथे गार असतं. यंदा दोन कुंड्या वेगवेगळ्या जागी ठेवल्यात, कॅलेंडरवर आता दोन रांगा आहेत.