परिसर अभ्यास बाकावरच का राहिला?

लहान मुलांना झाडं, किडे, पक्षी बाहेर नेऊन दाखवावेत, याला आज कुणाचाच विरोध नाही. तरीही तिसरी-चौथीचा परिसर अभ्यास बहुतेक ठिकाणी बाकावर बसूनच होतो. याचं मूळ मुख्यतः १९९१ नंतरच्या घडामोडींत आहे.

त्याआधीचं थोडक्यात. १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीत ग्रामीण बालशिक्षणाचा प्रयोग सुरू झाला आणि पुढे तो कोसबाडच्या टेकडीवर गेला. वारली मुलं गुरं राखायला जायची, म्हणून शाळाच कुरणात नेली. तिला कुरणशाळा म्हणत. पानं, बिया, शिंपले हेच तिथलं शैक्षणिक साहित्य. १९७५ च्या योजनेने अंगणवाडी देशभर पोचवली. त्यात भर आहार आणि लसीकरणावर होता, तो हवाच होता. पण कुरणशाळा मागे पडली.

२२ नोव्हेंबर १९९१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका जनहित याचिकेवर निकाल देताना पर्यावरण हा सक्तीचा विषय करायला सांगितलं. अंमलबजावणी रेंगाळली, म्हणून डिसेंबर २००३ मध्ये पुन्हा आदेश निघाला आणि पहिली ते बारावीचा नमुना अभ्यासक्रम तयार झाला. खरा वाद इथेच पेटला. पर्यावरण स्वतंत्र विषय असावा की सगळ्या विषयांत मिसळलेला? स्वतंत्र विषयाच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा खोटा नव्हता: ज्याला तासिका नाही, गुण नाहीत, तो विषय शाळेत कुणी मनावर घेत नाही. पण तासिका आली की पुस्तक आलं, पुस्तक आलं की प्रश्नोत्तरं आली. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यासाठी पुण्यातल्या एका ज्येष्ठ परिसरशास्त्रज्ञाच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या गटाने वेगळी वाट सुचवली होती. मुलांनी आपल्याच गावचा ओढा, झाडं, लोकांची माहिती अभ्यासावी आणि त्या नोंदी सगळ्यांसाठी खुल्या व्हाव्यात. माझ्या मते त्या काळातली ही सर्वांत मोलाची सूचना होती, आणि तीच सर्वांत कमी अमलात आली. महाराष्ट्रात वरच्या वर्गांत पर्यावरण स्वतंत्र विषय झाला, आणि प्रकल्पवहीत दुकानातून आणलेली चित्रं चिकटवली जाऊ लागली. तीच सवय खालच्या वर्गांत झिरपली.

यात काय हुकतं ते पाहा. डहाणूकडच्या पाड्यावरची सहा-सात वर्षांची मुलगी पावसाच्या तोंडावर आईबरोबर रानात शेवळं ही रानभाजी काढायला जाते. ती खाजरी असतात, म्हणून भाजीत काकड नावाच्या झाडाची आंबट फळं घालायची, हेही तिला ठाऊक असतं. शहरातल्या मुलाला कढीपत्त्याच्या कुंडीत पाखराच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी सापडते. काही दिवसांत ती हिरवीगार होते आणि पुढे तिचं फुलपाखरू होतं. यातलं काहीही विचारायची जागा चाचणीत नाही.

आणखी एक संधी २००२ च्या जैवविविधता कायद्याने दिली होती. प्रत्येक स्थानिक संस्थेने लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे आपल्या भागातल्या झाडं-प्राण्यांची आणि त्यांविषयीच्या लोकांच्या माहितीची नोंद, करायची होती. गावातल्या आजी-आजोबांना विचारत, शिवार पालथं घालत करायचं हे काम शाळेतल्या पोरांच्या आवाक्यातलं होतं. वर्षानुवर्षं ते झालं नाही. मग राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली, आणि चुकणाऱ्या राज्यांना महिन्याला १० लाख रुपये भरपाईची तंबी दिली. एवढ्या घाईत मुलांना घेऊन शिवारात कोण फिरणार?

२०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा वयोगट पायाभूत स्तर मानला, आणि २०२२ च्या आराखड्यात त्यांच्या बाहेरच्या खेळाला, फिरण्याला जागाही मिळाली. दप्तराविना दहा दिवसांची शिफारस मात्र सहावी ते आठवीसाठी आहे. पहिली-दुसरीच्या मुलांना ओढ्यापर्यंत न्यायचं की नाही, हे अजूनही त्या त्या शाळेतल्या बाईंच्या हौसेवर आणि मुख्याध्यापकांच्या परवानगीवर ठरतं.