पर्यावरण अभियंता ते विद्यापीठ प्रशासक

पाणीपुरवठा, सांडपाणी, घनकचरा आणि प्रदूषण-नियंत्रण या विषयांत तयार झालेल्या अभियंत्याने अध्यापन-संशोधनाच्या मार्गाने विभागप्रमुख, प्राचार्य, अधिष्ठाता, प्रकुलगुरू वा कुलगुरू या पदांपर्यंत जाण्याचा व्यावसायिक क्रम. दक्षिण महाराष्ट्रात अशा कारकिर्दीची पायाभरणी होण्यासारख्या ठिकाणांत सांगलीचा उल्लेख आधी करावा लागतो. तेथील विश्रामबागेतील वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय धोंडूमामा साठे यांनी १९४७ मध्ये ‘न्यू इंजिनिअरिंग कॉलेज’ या नावाने सुरू केले. १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ स्थापन झाल्यावर ते त्याच्याशी संलग्न झाले. पुढे त्याला स्वायत्तताही मिळाली. त्याच्या स्थापत्य विभागात पर्यावरण अभियांत्रिकीचे पदव्युत्तर शिक्षण दिले जाते.

या विषयाची प्रयोगशाळा गावाबाहेर शोधावी लागत नाही. शहराचे सांडपाणी घेऊन येणारा शेरीनाला कृष्णेत मिसळतो आणि त्याच नदीचे पाणी शहराला व खालच्या गावांना पिण्यासाठी लागते. खोऱ्यात साखर कारखाने व आसवन्या आहेत, शिवाय २००५ आणि २०१९ च्या महापुरांनी शहराचा मोठा भाग पाण्याखाली नेला. पाण्याच्या नमुन्याची जैवरासायनिक प्राणवायूची गरज, म्हणजे त्यातील सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू, २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस ठेवून मोजता येते. स्नानयोग्य पाण्यासाठी ती लिटरला ३ मिलिग्रॅमपर्यंत असावी, असा निकष आहे. मोजणी सोपी, उपाय अवघड, कारण महापालिका, प्रदूषण नियंत्रण मंडळ, पाटबंधारे खाते, कारखाने आणि शेतकरी यांपैकी कोणाचाच शब्द अखेरचा नसतो. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याने मंडळांना अधिकार दिले, तरी प्रत्येक योजनेत हे सर्व घटक एकत्र आणावेच लागतात. अधिसभा, व्यवस्थापन परिषद, विद्या परिषद आणि अभ्यास मंडळे यांच्यात विभागलेल्या विद्यापीठात काम करताना याच सवयीचा सर्वाधिक उपयोग होतो. संयंत्राच्या आराखड्याचे तांत्रिक ज्ञान त्या मानाने क्वचितच कामी येते.

मात्र हा मार्ग वर्गातूनच जातो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार कुलगुरुपदासाठी प्राध्यापक म्हणून किमान दहा वर्षांचा, किंवा नामांकित संशोधन वा शैक्षणिक-प्रशासकीय संस्थेतील तितकाच अनुभव आवश्यक ठरतो. त्यामुळे राज्याच्या पाणीपुरवठा योजना राबविणाऱ्या महाराष्ट्र जीवन प्राधिकरणात किंवा नगरपालिकेत आयुष्यभर जलशुद्धीकरण केंद्रे उभारणारा अभियंता, त्याचा प्रशासकीय अनुभव कितीही दांडगा असला तरी, येथे सहसा पोचत नाही, आणि हा नियमाचा उणेपणाच म्हणावा लागेल.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार कुलगुरूची नेमणूक शोध समितीने सुचविलेल्या नावांतून कुलपती, म्हणजे राज्यपाल, करतात. मुदत पाच वर्षे किंवा वयाच्या पासष्टीपर्यंत, यांपैकी जे आधी येईल ते. याच अधिनियमाने चार विद्याशाखा ठरविल्या असून अभियंत्याला बहुधा विज्ञान व तंत्रज्ञान शाखेचे अधिष्ठातापद प्रथम मिळते. तेथे परीक्षा, संलग्नता व अभ्यासक्रम यांचा भार एवढा असतो की स्वतःचे संशोधन पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करण्यापुरतेच उरते.