एकाच शय्येवर झोपणारे योद्धे: जाहीर स्नेह आणि लपवलेले प्रेम

क्रुसेडच्या, म्हणजे जेरुसलेमसाठी ख्रिस्ती आणि मुसलमानांत झालेल्या मध्ययुगीन धर्मयुद्धांच्या काळात घडणारी, दोन पुरुषांच्या प्रेमाची ऐतिहासिक कादंबरी वाचताना दोन गोष्टींची गल्लत फार सहज होते. एक म्हणजे त्या काळच्या राजे-सरदारांमधला, चारचौघांत मिरवला जाणारा स्नेह. दुसरी म्हणजे दोन पुरुषांमधले, शरीरासकट असलेले आणि म्हणूनच लपवावे लागणारे प्रेम. बाहेरून दोन्हींची चिन्हे सारखीच दिसतात: आलिंगन, मुखचुंबन, आणाभाका, एकच अंथरूण. त्यामुळे काही वाचक प्रत्येक आलिंगनात प्रणय शोधतात, तर काही जण ‘तेव्हा असले काही नव्हतेच’ म्हणून सगळी कथाच आजच्या काळाची ठरवून मोकळे होतात. या दोन्ही वाचनांत कादंबरीतला खरा रस निसटतो, असे मला मनापासून वाटते.

सर्वांत गाजलेला दाखला ११८७ सालचा आहे. पुढे ‘सिंहहृदयी’ म्हणून प्रसिद्ध झालेला रिचर्ड तेव्हा राजपुत्र होता आणि वडील, इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री यांच्याशी त्याचे बिनसले होते. तो फ्रान्सचा राजा दुसरा फिलिप याच्याकडे गेला. हाउडेनचा रॉजर हा इंग्रज बखरकार लिहितो की, ते दोघे रोज एकाच ताटात जेवत, रात्री एकाच शय्येवर झोपत, आणि फिलिप त्याच्यावर स्वतःच्या जिवाप्रमाणे प्रेम करी. हे शेवटचे शब्द बायबलमधल्या दावीद आणि योनाथान या जिवलग मित्रांच्या कथेची आठवण करून देणारे आहेत. विसाव्या शतकात या मजकुरावरून रिचर्ड समलिंगी असल्याचे अनेकांनी ठामपणे मांडले. पण रॉजरच्याच लेखणीतून हेन्रीची प्रतिक्रियाही उतरली आहे: तो हबकला, आणि या आकस्मिक प्रेमातून पुढे काय निघणार हे कळेपर्यंत त्याने इंग्लंडला परतणे लांबणीवर टाकले. त्याला भीती पापाची नव्हती, युतीची होती, आणि ती खरी ठरली. ११८८ च्या नोव्हेंबरात रिचर्डने बापादेखत फिलिपपुढे गुडघे टेकले. सरंजामी निष्ठेच्या विधीत सेवक आपले जोडलेले हात धन्याच्या हातांत देई आणि नंतर दोघे ओठांवर चुंबन घेत. ते सर्वांनी पाहावे, हाच त्याचा हेतू असे. राजाच्या शयनगृहातही नोकरचाकर वावरत, त्यामुळे एका शय्येवर झोपणे हीसुद्धा जवळपास जाहीर घोषणाच होती. पुढे हेच दोघे एकमेकांचे कट्टर वैरी झाले.

एवढ्यावरून रिचर्डचे पुरुषांवर प्रेम नव्हते असे सिद्ध होत नाही. त्या शय्येवरून ते सिद्ध करता येत नाही, इतकेच.

दुसऱ्या प्रकारच्या प्रेमाच्या खुणा अगदी वेगळ्या कागदांत सापडतात: प्रायश्चित्तांत, कायद्यांत आणि शिक्षांत. ११२० मध्ये, क्रुसेडमधल्या ख्रिस्ती योद्ध्यांनी स्थापलेल्या जेरुसलेमच्या राज्यातल्या नाब्लुस येथील परिषदेने पुरुषा-पुरुषांतल्या शरीरसंबंधांसाठी प्रौढांना जाळण्याची शिक्षा सांगितली, मात्र आरोप होण्याआधी स्वतःहून येऊन पश्चात्ताप करणाऱ्याला प्रायश्चित्ताची वाट मोकळी ठेवली. टेम्पलर या संन्यस्त ख्रिस्ती योद्ध्यांच्या संघाच्या नियमांनुसार त्यांनी कपडे घालून, एकेकट्याने झोपायचे असे आणि त्या जागी रात्रभर दिवा तेवत ठेवायचा असे. त्याच नियमग्रंथात अटलिटच्या किल्ल्यातल्या तीन बंधूंची हकीकत आहे. रात्री आपल्या खोल्यांत ते एकमेकांना कुरवाळत, असे उघडकीला आले. प्रकरण इतके घृणास्पद मानले गेले की ते संघाच्या सभेपुढे न आणता त्यांना आक्र्या या बंदराच्या शहरी बोलावून बेड्या ठोकण्यात आल्या. एक जण रात्री पळून मुसलमानांच्या बाजूला गेला, दुसरा पळण्याच्या प्रयत्नात मेला, तिसरा दीर्घकाळ कैदेत राहिला. लिहिणाऱ्याला त्यांच्याबद्दल जराही कणव नाही, तरी असे पुरुष त्या तटबंदीत होते, याची याहून स्पष्ट साक्ष मला ठाऊक नाही.

हा फरक ध्यानात ठेवून कादंबरी वाचली की तिच्यातला ताण जाणवू लागतो. कसबी लेखक नायकांना जाहीर स्नेहाच्या आडोशाला ठेवतो. आक्र्याच्या वेढ्यात, ११९१ च्या उन्हाळ्यात, छावणीत केस आणि नखे गळवणारा आजार पसरला होता. रिचर्ड आणि फिलिप दोघेही त्यात सापडले होते. अशा तंबूत एका योद्ध्याने दुसऱ्याच्या उशाशी रात्र काढली, त्याला हाताने भरवले, तर पाहणारे त्याची वाहवाच करतील. त्या वाहवेखाली या दोघांना काय दडवावे लागते आहे, हे फक्त वाचकाला कळते, आणि मला अशा कादंबरीतले हेच प्रसंग सर्वांत प्रिय आहेत. याउलट, भर छावणीत कोणी पाहील याची फिकीर न करता प्रेमी जीव एकमेकांच्या मिठीत शिरतात, तेव्हा प्रणय गोड असला तरी काळ विरून जातो.

प्रेमिकांपैकी एक फ्रँक, म्हणजे युरोपातून आलेला ख्रिस्ती, आणि दुसरा मुसलमान असेल, तर गुंता आणखी वाढतो. जाहीर मैत्री तिथेही शक्य होती: सीरियाचा उमराव उसामा इब्न मुन्किध जेरुसलेमच्या टेम्पलरांना आपले मित्र म्हणतो आणि नमाजासाठी ते आपल्याला जागा मोकळी करून देत, असे सांगतो. पण नाब्लुसच्याच नियमांत मुसलमान स्त्रीशी संबंध ठेवणाऱ्या फ्रँक पुरुषाला खच्ची करण्याची शिक्षा होती, म्हणजे धर्माची सीमा ओलांडणारे शरीरसुख स्त्री-पुरुषांनाही माफ नव्हते. अशा जोडीला फक्त शत्रूच्या गस्तीचे भय दाखवणारा लेखक त्यांच्या संकटाचा निम्मा भाग वगळतो. दुसरा निम्मा त्यांच्या स्वतःच्याच छावणीत, शेजारच्या अंथरुणावर झोपलेला असतो.