दिवसाचा कार्यक्रमपट (सार्वजनिक दूरचित्रवाणी)

सार्वजनिक दूरचित्रवाहिनीवर सकाळपासून रात्रीपर्यंत कोणता कार्यक्रम किती वाजता लागेल, याची आधी ठरवलेली मांडणी म्हणजे दिवसाचा कार्यक्रमपट. बातम्यांची, क्रिकेटची किंवा मालिकांची वाहिनी आपापला प्रेक्षक धरून चालते. सार्वजनिक वाहिनीला मात्र शेतकरी, शाळकरी मूल, गृहिणी, पाळीवरून परतलेला कामगार आणि आजी-आजोबा या सगळ्यांची सोय एकाच पडद्यावर लावावी लागते. त्यामुळे द्राक्षावरच्या भुरी-डावणी या रोगांची चर्चा संपते न संपते तोच बातम्या आणि त्यामागून नाट्यसंगीत, असा क्रम तिथे कोणाला खटकत नाही. ही नोंद मुख्यतः दूरदर्शनच्या मराठी सेवेविषयी, नाशिक परिसर समोर ठेवून केली आहे.

भारतात दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण 15 सप्टेंबर 1959 रोजी दिल्लीत सुरू झाले. मुंबई केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी उघडले आणि मराठी कार्यक्रमपट तिथे घडला. त्या वेळी प्रक्षेपण संध्याकाळचे काही तासच असे, आणि त्या तासांत सगळ्यांना वाटणी मिळे : मुलांसाठी ‘किलबिल’, शेतीसाठी ‘आमची माती आमची माणसं’, कामगारांसाठी ‘कामगार विश्व’, साहित्यासाठी ‘प्रतिभा आणि प्रतिमा’, हसण्यासाठी ‘गजरा’, गाण्यांसाठी ‘छायागीत’. आठवड्याच्या शेवटी शनिवारी मराठी आणि रविवारी हिंदी चित्रपट. वाहिनी एकच असल्याने ‘छायागीत’साठी बसलेला माणूस वाटेत शेतीचा कार्यक्रमही पाहून जाई. शहरातल्या कितीतरी घरांना कीडनाशकांची नावे अशीच पाठ झाली असावीत.

नाशिकपर्यंत हा पट पोहोचण्यात सह्याद्रीचा अडथळा होता. दूरचित्रवाणीच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. वरळीचा मनोरा सुमारे 300 मीटर उंच असला, तरी मुंबई आणि नाशिक यांच्यामध्ये कसारा-इगतपुरीच्या डोंगररांगा आडव्या येतात. गच्चीवर उंच पाइपाला अँटेना आणि त्याला बूस्टर असा जामानिमा केला, तरी इतक्या दूर पडद्यावर बहुधा मुंग्याच. उपाय आला तो आकाशातून. 1983 मध्ये सोडलेल्या इन्सॅट-1बी उपग्रहावरून कार्यक्रम घेऊन ते गावातच पुन्हा फेकणारे लघुशक्ती प्रक्षेपक 1984 मध्ये देशभर झपाट्याने बसवले गेले; काही महिने तर जवळपास दिवसाला एक या गतीने. असा प्रक्षेपक 100 वॅटचा असे आणि त्याचा पल्ला दहा-पंधरा किलोमीटर. म्हणजे शहराची सोय व्हायची, पण सुरगाणा, पेठ, कळवणसारख्या दूरच्या डोंगरी तालुक्यांना त्याचा उपयोग नव्हता.

यातून एक विचित्र गोष्ट घडली. उपग्रहावरून सुरुवातीला दिल्लीचाच राष्ट्रीय कार्यक्रम येत असल्याने, लघुशक्ती प्रक्षेपकावर अवलंबून असलेल्या मराठी गावांत दूरचित्रवाणी आधी हिंदीतून आली. 7 जुलै 1984 रोजी सुरू झालेली ‘हम लोग’ तिथे घराघरांत पोहोचली, आणि मुंबईचा मराठी पट मागून आला. 1982 पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमामुळे रात्रीचा सगळ्यांत मोलाचा वेळ दिल्लीकडे गेला होता. साडेआठनंतर मराठी संपून हिंदी-इंग्रजी सुरू होई, ही तक्रार त्या काळी सर्रास ऐकू येई आणि ती रास्तच होती. तिचे थोडेफार निरसन झाले ते 15 ऑगस्ट 1994 रोजी स्वतंत्र मराठी वाहिनी निघाल्यावर. 5 एप्रिल 2000 पासून ती ‘सह्याद्री’ या नावाने ओळखली जाते. नाशिकचे चित्र अडवणाऱ्या डोंगराचेच नाव वाहिनीला मिळाले, हा योगायोग नोंदवण्याजोगा.

कार्यक्रमपट तयार होतो तो दोन कागदांवर. पहिला म्हणजे दर तिमाहीचा ठरीव तक्ता, ज्याला केंद्रातले लोक ‘एफपीसी’ म्हणतात : कोणत्या वारी कोणत्या वेळी कोणत्या प्रकारचा कार्यक्रम, एवढेच त्यात असते. दुसरी रोजची ‘क्यू शीट’. तिच्यात प्रत्येक कार्यक्रम, जाहिरात आणि निवेदन सेकंदासह लिहिलेले असते. कार्यक्रम दोन मिनिटे आधी संपला तर ‘फिलर’ लागतो. जुन्या प्रेक्षकांना आठवणारे धबधबे, फुले आणि सतारीचे तुकडे या फटी बुजवण्यासाठीच असत. तांत्रिक बिघाड झालाच, तर ‘व्यत्यय’ अशी पाटी.

मराठी वाहिनीच्या दिवसाची चाल आजही ओळखीची आहे. सकाळी भक्तिगीते, दुपारी ‘सखी सह्याद्री’सारखे स्त्रियांचे कार्यक्रम, संध्याकाळी शेती, सातच्या बातम्या, मग मनोरंजन आणि उशिरा पुनःप्रक्षेपण. यातला शेतीचा वेळ नाशिक जिल्ह्याला सगळ्यांत जवळचा. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागेत फवारणीचे वेळापत्रक चालते, तेव्हा तज्ज्ञ काय सांगतात याला लासलगाव-पिंपळगावच्या पट्ट्यात खरी किंमत असते. संध्याकाळची वेळ त्यासाठीच निवडलेली : माणूस शेतातून परतलेला आणि जेवायचा बाकी. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत दुसऱ्या पाळीला असलेल्याला मात्र हा सगळा पट हुकतो, त्याच्यासाठी पुनःप्रक्षेपण.

काही दिवस पट बाजूला ठेवला जातो. आषाढी एकादशीला पंढरपूरची महापूजा थेट दाखवतात, आणि त्र्यंबकेश्वराहून निवृत्तिनाथांची पालखी गेलेली असल्याने नाशिककरांचा डोळा त्यात आपली माणसे शोधत असतो. प्रजासत्ताक दिनी सकाळ दिल्लीच्या संचलनाची.

शिक्षण हा पटाचा जुना पण कायम गैरसोयीच्या वेळी ढकललेला भाग. विद्यापीठ अनुदान आयोगाचे पाठ 1984 पासून दूरदर्शनवर येऊ लागले, तेही दुपारी, म्हणजे विद्यार्थी वर्गात असताना. नाशिकमध्ये 1989 साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा विद्यार्थी तर बहुधा नोकरी किंवा शेती सांभाळून शिकणारा. दुपारी टीव्हीसमोर बसणे त्याला कुठून जमणार?