अत्याचारातून राहिलेलं गरोदरपण: नाशिक जिल्ह्यात उपचार, मदत आणि लागणारी कागदपत्रं

उपचाराला कागद लागत नाहीत, लागतात ते पैशाच्या मदतीला. या दोन गोष्टींची सरमिसळ झाली की बाई पोलीस ठाणं आणि दवाखाना यांच्यामध्ये हेलपाटे घालत राहते आणि आठवडे वाढत जातात. गरोदरपणात वाढलेला प्रत्येक आठवडा एखादा पर्याय कमी करतो, म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी दवाखाना, मग बाकीचं सगळं.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ प्रमाणे सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने अशा बाईला ताबडतोब आणि मोफत उपचार द्यायचे असतात. टाळाटाळ केली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २०० खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. अल्पवयीन मुलीबाबत तर पॉक्सोचे, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याचे, २०२० चे नियम आणखी स्पष्ट आहेत. तातडीच्या उपचारांआधी डॉक्टरांनी पोलिसांचं पत्र, कोर्टाचा आदेश किंवा दुसरा कुठलाही कागद मागायचा नाही.

कुठे जायचं

शहरात असाल तर त्र्यंबक रोडवरचं जिल्हा रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल. महापालिकेची नाशिकरोडचं बिटको आणि कथड्याचं झाकीर हुसेन ही दोन रुग्णालयंही आहेत. मालेगावच्या बाजूला सामान्य रुग्णालय आणि कळवणला उपजिल्हा रुग्णालय आहे. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर भागातून यायचं तर १०८ ला फोन करा, एसटीची वाट बघत बसू नका.

केस पेपर काढताना खिडकीवर ‘काय होतंय?’ असा प्रश्न येतो आणि मागे अख्खी रांग उभी असते. तिथे एवढंच म्हणायचं, ‘स्त्रीरोग विभागात दाखवायचंय.’ बाकीचं डॉक्टरांसमोर, दार लावल्यावर.

घटना ताजी असेल तर ७२ तास महत्त्वाचे. गर्भ राहू नये म्हणून गोळी आणि एचआयव्ही टाळण्याची औषधं तेवढ्या वेळात सुरू व्हायला हवीत. अंघोळ झाली, कपडे धुतले गेले म्हणून घरी बसू नका, उपचार तरीही लागतातच. तपासणीला संमती बाईची. ती तपासणीच्या एखाद्या भागाला ‘नको’ म्हणू शकते आणि म्हणून उपचार थांबत नाहीत. ‘दोन बोटांची’ चाचणी सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पुन्हा ठामपणे बंद सांगितली आहे. कोणी करू लागलं तर तिथेच थांबवा.

डॉक्टर पोलिसांना कळवतात, ते त्यांचं कर्तव्य आहे. पण सज्ञान बाईने जबाब द्यायचा की नाही, तक्रार पुढे न्यायची की नाही, हा निर्णय तिचा. नको असेल तर तसं लेखी नोंदवून घेतलं जातं. तक्रार द्यायची असेल तर हद्दीचा प्रश्न नाही: गुन्हा इगतपुरीचा असला तरी शून्य क्रमांकाने नाशिकच्या ठाण्यात नोंदवता येतो आणि एफआयआरची प्रत मोफत मिळते.

गर्भपात करायचा असेल तर

२० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचं मत पुरतं. २० ते २४ आठवड्यांमध्ये दोन डॉक्टर लागतात. ही वाढीव मुदत सगळ्यांना नाही, पण बलात्कार किंवा घरातल्याच माणसाकडून झालेला अत्याचार सोसलेल्या स्त्रिया आणि अल्पवयीन मुली तिला पात्र आहेत. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गर्भपातापुरता नवऱ्याने केलेला बलात्कारही यात धरला, आणि एफआयआर किंवा गुन्हा सिद्ध झाल्याचा कागद मागायची गरज नाही, हेही सांगितलं.

सज्ञान बाईला नवऱ्याची, सासूची, कोणाचीच सही लागत नाही. तिची स्वतःची संमती आणि वयाचा काही पुरावा एवढंच. ‘घरच्यांना घेऊन या’ असं ऐकावं लागतं, त्याला कायद्यात आधार नाही. मुलगी १८ च्या आतली असेल तर पालकाची लेखी संमती हवी, आणि पॉक्सोप्रमाणे पोलिसांना कळवणं भाग आहे. मात्र मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरांनी त्या कळवण्यात तिचं नाव-गाव देण्याची गरज नाही, अशी सवलत त्याच निकालात आहे. खटला चालवायचा असेल तर एक गोष्ट आधीच बोलून ठेवा: गर्भाचा नमुना डीएनएसाठी नीट ठेवून पोलिसांच्या ताब्यात जायला हवा. नंतर तो मिळत नाही.

२४ आठवडे उलटून गेले असतील तर उच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो, आणि नाशिक जिल्हा मुंबईच्या मुख्य पीठाखाली येतो. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. स्त्रिया आणि मुलांना तिथे उत्पन्नाचा दाखला न मागता मोफत वकील मिळतो. फोन १५१००. त्याच दिवशी जा, कारण कोर्ट वैद्यकीय मंडळाचा अहवाल मागवतं आणि त्यात दिवस जातात.

बाळंतपण करायचं ठरलं तर

सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त, तपासण्या आणि जाण्यायेण्याची गाडी मोफत आहे. लग्न झालंय का, हा पात्रतेचा प्रश्नच नाही. माता-बाल संरक्षण कार्ड काढून घ्या, प्रत्येक वेळी तेच विचारतात. गावात आशाताईंकडे नोंदणी करताना अत्याचाराची हकिकत सांगणं बंधनकारक नाही. आशाताई चांगल्या असतात, पण गाव लहान असतं.

आता ज्यांच्याबद्दल कुठल्याच अर्जात रकाना नाही, त्या बायांबद्दल. अत्याचार लहानपणी झाला, कोणाला सांगितलं नाही, पुढे लग्न झालं, दिवस गेले. बाळ हवं आहे. पण तपासणीच्या टेबलावर पाय वर घेतले की अंग आखडतं, श्वास अडकतो, कधी तर ती तिथे नसल्यासारखी छताकडे बघत राहते. सिस्टरला वाटतं, ही सहकार्य करत नाही. आवाज चढतो, आणि ‘गप पडून राहा’ हे शब्द तिने आधीही ऐकलेले असतात.

अशा बाईला काही सिद्ध करायचं नाही, फक्त काही गोष्टी आधी मागून ठेवायच्या आहेत. सातव्या-आठव्या महिन्याच्या तपासणीला डॉक्टरांना इतकंच सांगा: ‘मला आतली तपासणी फार जड जाते. हात लावण्याआधी सांगा, मी थांबा म्हटलं की थांबा.’ कारण सांगायची सक्ती नाही. ही ओळ केस पेपरवर लिहून घ्या, कारण कळा सुरू होतील तेव्हा ड्युटीवर दुसरंच कोणीतरी असेल. शक्यतो बाई डॉक्टर द्या, खोलीत गरजेपुरतीच माणसं असू द्या, अंगावर चादर राहू द्या, शिकाऊ विद्यार्थ्यांनी विचारल्याशिवाय तपासू नये, हेही मागता येतं. सुरळीत चाललेल्या कळांमध्ये आतली तपासणी साधारण चार तासांनी पुरते. दर तासाला कोणी करत असेल तर ‘आत्ता कशासाठी?’ असं सोबतच्या बाईने विचारावं.

सोबतच्या बाईचं म्हणाल तर केंद्र सरकारने २०१६ मध्येच सरकारी प्रसूतिगृहात जन्मसोबतीला मान्यता दिली आहे. अटी साध्या आहेत: स्त्री नातेवाईक, शक्यतो स्वतः बाळंत झालेली, संसर्गजन्य आजार नसलेली, स्वच्छ कपड्यांतली, शेवटपर्यंत थांबणारी, आणि उपचारात किंवा दुसऱ्या बाईच्या बाबतीत न पडणारी. जिथे लेबर रूममध्ये पडदे-आडोसा नीट आहे तिथे नवऱ्यालाही थांबता येतं. माझं मत विचाराल तर आई किंवा सासू आपोआप निवडू नका. जिच्यापासून ही गोष्ट लपवली, तिच्याचसमोर अंग सैल सोडणं कठीण जातं. मावशी, मोठी जाऊ, चुलत बहीण, जिच्यासमोर ती रडू शकते ती.

सोबत करणारीने सल्ले देऊ नयेत. ‘विसर आता, बाळाकडे बघ’ हे तर नकोच. कळांच्या मधे तिला तारीख, जागा, कोण कोण आहे ते हळू सांगत राहा: ‘सिव्हिलमध्ये आहोत, मी इथेच आहे, सिस्टर फक्त बीपी बघतायत.’ बाळंतपणानंतर अंगावर पाजताना त्रास होऊ शकतो. बाळाला काढलेलं दूध दिलं तरी चालतं. झोप उडाली, बाळाकडे बघवेना झालं, असं दोन आठवड्यांवर राहिलं तर मानसोपचार विभागात दाखवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ क्रमांक दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं.

पैशाची मदत: इथे कागद लागतात

मनोधैर्य योजना राज्याने २ ऑक्टोबर २०१३ पासून सुरू केली. बलात्कार, बालकांवरचे लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला यातल्या पीडितांना ती लागू आहे. प्रकरणाच्या गांभीर्यानुसार कमाल १० लाख रुपये मिळू शकतात, आणि त्यातला बराचसा भाग मुदत ठेवीत राहतो. निकाल लागायची वाट बघायची नसते. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे. सोबत एफआयआरची प्रत, वैद्यकीय अहवाल, झाला असेल तर दंडाधिकाऱ्यांसमोरचा जबाब, ओळखीचा आणि वयाचा पुरावा, फोटो आणि बँक पासबुक. खातं बाईच्या एकटीच्या नावावर असू द्या. मुलगी अल्पवयीन असेल तर पालकासह, पण आरोपी घरातलाच असेल तर त्या घरातल्या कोणाचंही नाव खात्यावर येणार नाही हे बघा.

अल्पवयीन मुलीला आणखी दोन दारं आहेत. बालकल्याण समिती जेवण, कपडे, प्रवास अशा तातडीच्या खर्चासाठी शिफारस करू शकते, आणि ते पैसे आठवड्यात द्यायचे असतात. विशेष न्यायालय अंतरिम भरपाई देऊ शकतं. ती ठरवताना मुलगी गरोदर राहिली का, हे पाहिलं जातं. शिवाय निर्भया निधीतून गरोदर अल्पवयीन पीडितांसाठी दरमहा ४००० रुपयांची योजना आहे. ती फक्त अनाथ मुलींसाठी आहे, असा समज चुकीचा आहे. समितीकडून आधार व्यक्तीही मागून घ्या, कोर्टापासून दवाखान्यापर्यंत तीच सोबत येते.

बाळाचे कागद

जन्माची नोंद २१ दिवसांत, शहरात महापालिकेकडे, गावात ग्रामपंचायतीत. वडिलांचं नाव द्यायची सक्ती नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५ च्या निकालानुसार अविवाहित आईच्या प्रतिज्ञापत्रावर जन्मदाखला मिळायला हवा.

बाळ सांभाळणं शक्य नसेल तर कोणाच्या ओळखीने, कोणा नातेवाइकाकडे परस्पर देऊ नका, तो गुन्हा ठरू शकतो. रीतसर मार्ग बालकल्याण समितीपुढे समर्पणपत्र लिहून देण्याचा. आधी समुपदेशन होतं, आणि सही केल्यावरही दोन महिने मन बदलायला मिळतात. त्या काळात बाळ मान्यताप्राप्त दत्तक संस्थेत राहतं. आईची ओळख गुप्त ठेवली जाते.

कुठून सुरू करावं कळत नसेल तर महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८. सखी वन स्टॉप सेंटरमध्ये पोलीस, डॉक्टर, वकील आणि काही दिवसांचा निवारा एकाच ठिकाणी जोडून मिळतो. कागद देताना झेरॉक्स द्या, मूळ प्रत नाही, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या.