गाडीची किंमत पडते ते वेगळं, गाडी संपते ते वेगळं

मागच्या महिन्यात भाच्याचा मेसेज आला, "मामा, दोन गाड्या पाहून ठेवल्या, सेम मॉडेल, दोन्ही २०२० च्या. एक १५ हजार चालली, दुसरी ५० हजार. पहिली १ लाख ४५, दुसरी १ लाख ५. पण ५० हजारवाली तर संपली असेल ना?" मॉडेल कोणतं ते सांगत नाही, ४०० सीसीच्या आसपासची टूरिंग बाईक आहे एवढं पुरे, नाव घेतलं की दोन्हीकडची फॅन मंडळी भांडायला येतात.

तर हे "संपली असेल ना" जे आहे ना, त्यावरच लिहून राहिलो. कारण आपण दोन वेगळ्या गोष्टी एकाच मीटरमध्ये वाचतो. गाडीची किंमत किती उरली, ही एक गोष्ट. गाडीचा जीव किती उरला, ही दुसरी. मीटरवरचा आकडा वाढला की पहिली हमखास पडते. दुसरी पडेलच असं नाही, आणि पडली तरी तेवढी नाही.

आधी शब्दाचा गोंधळ मिटवू. आपल्याकडे मायलेज म्हटलं की लिटरमागे किती किलोमीटर देते तेच डोक्यात येतं, नागपुरात तर त्याला सरळ एव्हरेज म्हणतात. पण बाहेरचे व्हिडिओ पाहिले की तिथे मायलेज म्हणजे मीटरवरचं एकूण रनिंग, आणि तेही मैलात. एक मैल म्हणजे साधारण १.६ किलोमीटर. त्यामुळे तिकडचा माणूस "३० हजार म्हणजे काही जास्त नाही" म्हणतो तेव्हा तो आपल्या ४८ हजारांबद्दल बोलत असतो. झिरो माईलच्या गावात राहून मैल-किलोमीटरचा घोळ करणं बरं दिसत नाही. इथून पुढे मी रनिंगच म्हणतो.

आता किंमत. सेकंडहँडवाल्याकडे गेलात तर तो तीन गोष्टी विचारतो, वर्ष कोणतं, ओनर कितवा, रनिंग किती. इंजिनाचा आवाज तो नंतर ऐकतो, कधी कधी ऐकतही नाही. कारण त्याला गाडी चालवायची नसते, विकायची असते, आणि पुढचा गिऱ्हाईक आकडाच पाहणार हे त्याला माहीत असतं. म्हणून भाव सरळ उतरत नाही, ठराविक आकड्यांशी अडखळतो. १९,८०० चाललेली आणि २०,३०० चाललेली यात फरक काय, जेमतेम एक पचमढी ट्रिप. पण जाहिरातीत "वीसच्या आत" लिहिता येतं का नाही, यावर भाव हलतो. ५० हजाराच्या पुढे तर बरेच लोक फोनच करत नाहीत.

आणि गंमत पहा, इन्शुरन्स कंपनी मीटरकडे बघतच नाही. आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, काढताना फक्त वय धरतात. एक ते दोन वर्षांच्या गाडीला २० टक्के घट, दोन ते तीनला ३०, तीन ते चारला ४०, चार ते पाचला ५०. पाचच्या पुढे आपसात ठरवायचं. म्हणजे पाच वर्षात तुम्ही गाडी फक्त कव्हर घालून पार्किंगमध्ये ठेवली तरी कागदावर ती तेवढीच उतरली जेवढी लेह, कन्याकुमारी करून आलेली उतरली. इन्शुरन्सवाला वय पाहतो, बाजार रनिंग पाहतो, आणि इंजिनाला या दोघांशीही फारसं देणंघेणं नाही.

मग इंजिन काय पाहतं? ते किती वेळ चाललं, किती फेरे फिरलं, किती वेळा थंड असताना स्टार्ट होऊन गरम व्हायच्या आत बंद झालं, आणि त्या सगळ्या वेळात ऑइल कसं होतं.

हे जरा गणित करून पाहू, कारण मलाही आधी पटलं नव्हतं. वर्धा रोडने बुटीबोरीच्या पुढे निघालो, टॉप गिअर, ८० चा स्पीड, इंजिन समजा साडेचार हजार आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे. एक किलोमीटरला ४५ सेकंद लागतात, म्हणजे इंजिनाचे ३,३७५ फेरे. आता तीच गाडी सीताबर्डीतून इतवारीकडे न्या, संध्याकाळी सहा वाजता. सरासरी २० चा स्पीड मिळाला तर नशीब, दुसरा-तिसरा गिअर, समजा ३ हजार आरपीएम. एका किलोमीटरला तीन मिनिटं, म्हणजे ९,००० फेरे. मीटर दोन्हीकडे एकच किलोमीटर लिहितं. इंजिनाने मात्र सिटीत अडीच पटीहून जास्त मेहनत केली, वर क्लच दाबून दाबून प्लेटा घासल्या ते वेगळं. आणि सिग्नलवर मीटर थांबतं, इंजिन थांबत नाही.

तासात काढा. ५० हजार किलोमीटर हायवेला, सरासरी ६० धरली तर साधारण ८३३ तास. १५ हजार किलोमीटर शहरात, सरासरी १८ धरली तर तेही ८३३ तास! मी मुद्दाम आकडे जुळवले असं म्हणाल तर म्हणा, पण धरलेले स्पीड काही खोटे नाहीत, रोज जाता येता तुमचा किती पडतो ते मोजून पहा. म्हणजे १५ हजारवाली शहरातच आणि ५० हजारवाली हायवेला चालली असेल, तर भाच्याच्या त्या दोन गाड्या इंजिनाच्या हिशोबाने जवळपास एकाच वयाच्या, फक्त एक ४० हजारांनी महाग.

त्यात आपलं नागपूर. मे महिन्यात ४५ च्या वर पारा, सिमेंटचा रस्ता खालून भाजतो, एअर-कूल्ड इंजिनाला चालताना जी हवा लागते तीच सिग्नलवर मिळत नाही. गरम ऑइल पातळ होतं, जुनं असेल तर लवकर काळं पडतं. हायवेला तेच इंजिन एका तापमानाला स्थिर चालतं, ऑइल नीट फिरतं, आत साचलेली वाफ नि कच्चं पेट्रोल उडून जातं. घर ते ऑफिस चार किलोमीटर, परत चार, यात डिसेंबरच्या सकाळी इंजिन पूर्ण गरम व्हायच्या आत बंद होतं, आणि ते पाणी-पेट्रोल ऑइलमध्येच राहतं. आमचा मिस्त्री म्हणतो ना, "भाऊ, उभी गाडी जास्त खराब होते, चालती नाही." हे आधी मला मिस्त्री लोकांचं ठरलेलं वाक्य वाटायचं.

कमी चाललेल्या गाडीत वय मुकाट काम करत असतं. टायर झिजत नाही पण कडक होतो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून दोन वर्षांनी बदलायला सांगतात, किलोमीटर कितीही असो. फोर्कची (पुढच्या शॉकअपची) सीलं, रबरी होज, बॅटरी, सगळं कॅलेंडरवर चालतं. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल, तेही पाणी ओढतं, त्यामुळे महिनोन्महिने अर्ध्या टाकीवर उभी असलेली गाडी मला तरी ५० हजार चाललेल्या गाडीपेक्षा जास्त संशयास्पद वाटते.

बरं, मग जास्त रनिंगचं काहीच नाही का? आहे ना, पण ते एकेका भागावर येतं, भावासारखं गोल आकड्यांवर नाही. चेन स्प्रॉकेट साधारण २० ते ३० हजारात जातो, मागचा टायर टूरिंगमध्ये १०-१५ हजारात, क्लच प्लेटा, कोन सेट (हँडलचं बेअरिंग), ब्रेकची डिस्क हे आपापल्या वेळी. हे सगळं बदलता येतं आणि बदलल्यावर तो भाग नवाच. म्हणून २८ हजार चाललेली गाडी कधी कधी ३५ हजारवालीपेक्षा महाग पडते, कारण २८ वालीचे सगळे खर्च तुमच्या खिशातून होणार आणि ३५ वालीचे आधीच्या मालकाच्या खिशातून झालेत. भाव मात्र २८ चाच जास्त. (ज्याला मोलभाव जमतो त्याने इथेच पैसे वाचवायचे असतात.)

खरा "संपली" प्रकार म्हणजे बोअर-पिस्टन झिजणं, रिंगा जाणं, हेडचं काम निघणं, क्रँकचं बेअरिंग वाजणं. आणि ते किती किलोमीटरला येईल हे गाडीगाडीवर आहे. होंडा गोल्डविंगचं १,८३३ सीसीचं सहा सिलेंडरचं लिक्विड-कूल्ड इंजिन हायवेला निवांत फिरतं, चेन नाही, शाफ्ट आहे, अमेरिकेत लाख मैल म्हणजे १ लाख ६० हजार किलोमीटर चाललेल्या गोल्डविंग बघायला मिळतात. आपली सिंगल सिलेंडर त्याच स्पीडला जास्त राबते, तिच्याकडून तेवढी अपेक्षा करू नये. पण सिंगल ५० हजारात मेली असं म्हणणंही चूकच. ती मरते ऑइल कमी असताना पळवल्याने. सिंगलमध्ये मुळात ऑइल थोडं, त्यात हायवेला सतत ११०-१२० ने पळवली तर काही गाड्या थोडं थोडं पितात, आणि दोन-तीन हजार किलोमीटर कुणी ऑइलची पातळी दाखवणारी काचच पाहिली नाही तर मग खेळ खल्लास. म्हणून ५० हजारवाल्याला मी पहिला प्रश्न "शेवटी टॉपअप कधी केलं", म्हणजे कमी झालेलं ऑइल वरून कधी भरलं, हा विचारतो. जो लगेच उत्तर देतो त्याची गाडी चांगली असते, जो "टॉपअप म्हणजे?" म्हणतो त्याला नमस्कार.

हे टूरिंगवाले एक रडगाणं गातात, तेही सांगून टाकतो. समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे, त्यामुळे नागपूरहून पश्चिमेकडे जायचं तर जुन्याच रस्त्याने, ट्रकांमधून, गिअर बदलत. मग "सगळं हायवे रनिंग आहे हो" असं विकणारा सांगतो तेव्हा कोणता हायवे हे विचारा. पेंचकडे, जबलपूरकडे जाणारा एनएच ४४ वेगळा आणि मेळघाटातला घाट चढून चिखलदऱ्याला जाणं वेगळं.

तर आम्ही दोन्ही गाड्या पाहिल्या. १५ हजारवाली धरमपेठेत, एमएच ३१, पुसून चकाचक. इंजिनाला हात लावला तर गरम! म्हणजे आम्ही यायच्या आधी चालू करून ठेवली, थंड स्टार्टचा आवाज ऐकू द्यायचा नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी परत येतो म्हटलं तर चेहरा पडला. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. इथे शेवटी २० होतं, म्हणजे पाच वर्षांचे ओरिजिनल टायर, साइडला बारीक भेगा. हे एका अर्थी चांगलंच, मीटर फिरवलेलं नाही हे तरी कळलं. उलटं असतं, म्हणजे १५ हजार चाललेल्या गाडीचे टायर नुकतेच बदललेले असते, तर मी विचारलं असतं का बदलले. डिजिटल मीटरही मागे करून देणारे आहेत, म्हणून टायरची तारीख, फूटरेस्टचं रबर, डिस्कची जाडी, स्प्रॉकेटचे दात हे सगळं मीटरशी जुळतं का ते पाहायचं. डिस्कवर कमीत कमी जाडी कितीची हे बहुतेक वेळा कोरलेलंच असतं. पण पाच वर्षात ऑइल तीनदा बदललेलं, चेन कोरडी, फोर्क ओला, म्हणजे सीलमधून ऑइल गळतंय. टायर, चेन, बॅटरी, सीलं धरून मिस्त्रीने वीस-पंचवीस हजार सांगितले.

५० हजारवाली मनीषनगरला, एमएच ४९. क्रॅशगार्ड घासलेला, पॅनिअरचे (बाजूला लावायच्या बॅगांचे) डाग, दिसायला अगदीच वापरलेली. पण मालकाने फाईल काढली. ऑइल दर पाच हजाराला, कोन सेट ३८ हजारला, चेन स्प्रॉकेट दुसऱ्यांदा ४२ हजारला, टायर ४६ ला. क्लच प्लेटा अजून पहिल्याच, म्हणजे त्या खर्चाची तयारी ठेवायची. थंड इंजिन, पहिल्या सेल्फला सुरू, धूर नाही, टॅपेटचा थोडा आवाज तो गरम झाल्यावर बसला. मिस्त्री पाच मिनिटं कान लावून उभा होता, मग भाच्याला म्हणाला, "मीटर काय पाहून राहिला बे, आवाज आइक ना."

एक सांगायचं राहिलं, ते भाच्यालाही सांगितलं. ही गाडी घेतलीस तर ती पुढे विकताना तुलाही हाच त्रास होणार, ७० हजारवाल्या गाडीला फोन येत नाहीत. पण ज्या घसरणीने आधीच्या मालकाचे पैसे गेले ती घसरण होऊन गेली आहे, यापुढे दहा हजार किलोमीटर फिरवलीस तरी भाव फार पडणार नाही, कारण पडायला उरलंच थोडं. वर्षभरात विकायची असेल तर कमी रनिंगची घे, आणि पाच-सात वर्ष फिरवायची असेल तर जिची फाईल आहे ती घे.

एक लाखात सौदा झाला, गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या. आणि ती धरमपेठवाली? आम्ही नाही म्हटल्याच्या तिसऱ्या दिवशी गेली, पूर्ण १ लाख ४५ ला, एक रुपयाही कमी न होता.